वळायला जागा आहे का? नेपाळच्या दऱ्यांमधली छोटी विमानं

पोखरा ते जोमसोम हा विमानप्रवास जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. खाली रस्ता आहे, पण तो दिवसभर हाडं खिळखिळी करतो. म्हणून मुक्तिनाथला जाणारे यात्रेकरू आणि अन्नपूर्णा भागातले ट्रेकर विमानाकडे वळतात. 29 मे 2022 च्या सकाळी या मार्गावर तारा एअर या नेपाळी कंपनीचं ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं छोटं विमान कोसळलं आणि आतली सगळी 22 माणसं गेली. त्यातली चौघं ठाण्याची होती. त्याआधी 24 फेब्रुवारी 2016 ला याच कंपनीचं, याच जातीचं विमान याच मार्गावर डोंगराला धडकलं होतं. तेव्हा 23 जणांचा जीव गेला.

2022 च्या अपघातानंतर विमानाच्या वयाची बरीच चर्चा झाली. ते विमान 1979 सालचं होतं हे खरं. पण 2016 चं विमान कंपनीकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. दोन्ही चौकशांचा निष्कर्ष मात्र जवळजवळ सारखाच निघाला: विमान ढगात शिरलं, मार्ग सुटला आणि ते डोंगरावर जाऊन आदळलं. म्हणून या अपघातांकडे बघताना विमान किती जुनं होतं यापेक्षा, मागे फिरायची शेवटची संधी कुठे होती, हा प्रश्न आधी विचारावा असं आम्हाला वाटतं. विरळ हवा, वारा, ढग, वजन हे सगळे धोके शेवटी त्या एका प्रश्नाशी येऊन मिळतात. मागे फिरायला किती जागा लागते, हे आकड्यांत मांडता येतं. तेच इथे मांडतो.

डोंगराच्या वरून का जात नाहीत?

हा प्रश्न बहुतेकांना पडतो. मुंबईहून काठमांडूला येणारं जेट विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडतं, मग हे छोटं विमान दरीतून का घुसतं?

पहिलं कारण म्हणजे ट्विन ऑटरची केबिन दाबबंद नसते. बाहेर जितकी विरळ हवा, तितकीच आत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 10,000 फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ राहायचं तर कर्मचाऱ्यांना ऑक्सिजन लागतो, आणि 13,000 फुटांच्या वर सगळ्यांनाच लागतो. धौलागिरी 8,167 मीटर, अन्नपूर्णा 8,091 मीटर, म्हणजे दोन्ही साडेसव्वीस हजार फुटांच्या पुढे. त्यांच्या वरून जाणं या विमानाच्या कुवतीबाहेरचं आहे. दुसरं कारण आणखी साधं आहे. वरून गेलात तरी उतरायला दरीतच यावं लागतं. जोमसोम 2,736 मीटरवर, कालीगंडकीच्या खोऱ्यात, या दोन शिखरांच्या रांगांमध्ये आहे. ढगातून यंत्रांच्या भरवशावर खाली आणून धावपट्टीसमोर उभं करणारी सोय तिथे नाही. वैमानिकाला जमीन आणि डोंगर डोळ्यांनी दिसलेच पाहिजेत. म्हणून ही सगळी उड्डाणं ‘बघून उडण्याच्या’ नियमांखाली होतात, आणि दिसेनासं झालं की त्या क्षणी नियमही संपतो आणि सुरक्षितताही.

विरळ हवेचा हिशेब

लुक्लाचं उदाहरण घेऊ. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणारे बहुतेक ट्रेकर इथे उतरतात. उंची 2,845 मीटर, म्हणजे 9,334 फूट. धावपट्टी 527 मीटर लांब आणि तिला सुमारे 11.7 टक्के चढ. खालच्या टोकापेक्षा वरचं टोक साठेक मीटर उंच आहे. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला थेट दरी.

हवेची घनता मोजताना वैमानिक उंचीसोबत तापमानही धरतात. प्रमाण मानलेल्या हवेत समुद्रसपाटीला 15 अंश असतं आणि दर हजार फुटांना ते सुमारे 2 अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने लुक्लाला उणे 3.5 अंश असायला हवं. एखाद्या छान उन्हाच्या दिवशी तिथे 15 अंश असलं तर फरक 18.5 अंशांचा. दर अंशाला 120 फूट धरायचे, म्हणजे 2,220 फूट वाढले. विमानाच्या दृष्टीने धावपट्टी आता साधारण 11,500 फुटांवर गेली. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के उरते. पंखांना, समोर फिरणाऱ्या पंख्यांना (प्रोपेलरना) आणि इंजिनाला, तिघांनाही कमी हवा मिळते.

याचा परिणाम उतरताना असा होतो. वेगाचा काटा खरा वेग दाखवत नाही, तो समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. विमान कोणत्या वेगाला हवेत टिकेल हेही त्या दाबावरच ठरतं, म्हणून उतरताना काट्यावर आकडा नेहमीचाच ठेवायचा. पण काटा 75 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) दाखवत असताना या विरळ हवेत खरा वेग 89 नॉट असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे जिरवायची ऊर्जा 42 टक्के जास्त. त्यात पाठीमागून 10 नॉट वारा असला की जमिनीवरचा वेग 99 नॉट आणि ऊर्जा पावणेदोन पटीच्या आसपास. ब्रेक, टायर आणि धावपट्टी तेवढीच.

लुक्लाची चढाची धावपट्टी इथे कामाला येते. चढामुळे विमान आपोआप मंदावतं, आणि निघताना तोच उतार वेग घ्यायला मदत करतो. त्यामुळे उतरणं कायम चढाकडे आणि उड्डाण कायम उताराकडे, वारा कुठलाही असो. दुपारी दरीतून वर वाहणारा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीशी येतो. लुक्लाची विमानं सकाळीच का उरकतात, त्याचं एक कारण हे.

इथे मागे फिरायची जागा अगदीच थोडी आहे. साध्या विमानतळावर उतरणं जमत नाहीसं वाटलं तर वैमानिक इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जातो, त्याला गो-अराउंड म्हणतात. लुक्लाला समोर डोंगर आहे, म्हणून शेवटच्या टप्प्यात गो-अराउंड नाहीच. 27 मे 2017 ला एक मालवाहू लेट 410 विमान ढगाळ हवेत लुक्लाकडे आलं. चाकं खाली, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण उघडे, वेग ठरलेल्यापेक्षा कमी. समोर जमीन जवळ दिसताच नाक एकदम वर उचललं गेलं. उघडे फ्लॅप आणि चाकं आधीच हवेला अडवत होती, त्यात नाक वर गेल्याने रोध आणखी वाढला, पंखांची उचल तुटली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. दोन्ही वैमानिक दगावले. नाक उचलणं ही त्या क्षणाची माणसाची सहज प्रतिक्रिया आहे. निर्णयाची वेळ त्याच्या कितीतरी आधी, दरीत वळायला जागा होती तेव्हाच, होऊन गेली होती.

वजनही याच हिशेबात येतं. लुक्लाच्या विमानात सामानाला साधारण 15 किलोचीच परवानगी असते आणि काउंटरवर त्यावरून वाद होतात. वाद घालू नका. जास्तीचं वजन नेण्याइतकी हवाच तिथे नसते.

वळणाला किती जागा लागते

विमान जागच्या जागी वळत नाही. ते एका बाजूला कलतं आणि मोठा अर्धगोल काढत मागे फिरतं. त्या अर्धगोलाची रुंदी दोन गोष्टींवर ठरते: खरा वेग आणि कल. विमान मोठं की छोटं याने फरक पडत नाही.

काट्यावर 100 नॉट आणि 30 अंशांचा कल धरू. समुद्रसपाटीला उलट दिशेला फिरायला सुमारे 940 मीटर रुंदी लागते. तेच 12,000 फुटांवर केलं तर काटा 100 दाखवत असतानाही खरा वेग 120 नॉट, आणि लागणारी रुंदी 1,350 मीटर. वैमानिकाला आत काहीच वेगळं वाटत नाही, काटा तोच, कल तोच. फक्त दरी चारशे मीटरनी अरुंद झालेली असते.

मग जास्त कलून लहान वळण घ्यावं का? 45 अंशांच्या कलाने 1,350 चे 780 मीटर होतात, हे खरं. पण कललेल्या पंखाला विमान पेलायला जास्त उचल द्यावी लागते. 45 अंशांत पंखांवरचा भार 1.41 पट होतो, 60 अंशांत दुप्पट. सरळ उडताना 70 नॉटला स्टॉल होणारं, म्हणजे उचल गमावून पडणारं विमान 45 अंशांत 83 नॉटला पडतं, 60 अंशांत 99 नॉटला. आपण 100 वर आहोत. घाबरून शेवटच्या क्षणी कडक वळण घेणारा वैमानिक डोंगराला धडकण्याआधी नेमका इथे विमान गमावतो.

यावरून डोंगरातली एक सवय ठरते: दरीच्या मधोमध उडायचं नाही. मधून उडणाऱ्याला दोन्ही बाजूंना अर्धीच दरी मिळते. एका बाजूच्या उताराला धरून उडायचं, म्हणजे वळायला दरीची जवळजवळ पूर्ण रुंदी हाताशी राहते.

कोणती बाजू धरायची हे वारा सांगतो. दरीवर आडवा 25 नॉटचा वारा आहे असं समजा. ज्या उतारावर तो येऊन आपटतो ती बाजू धरावी. तिथे वारा उताराला लागून वर चढतो आणि विमानालाही उचलतो. शिवाय तिथून वळताना विमान वाऱ्याच्या तोंडावर वळतं. 30 अंशांच्या कलाने हे वळण पुरं व्हायला सुमारे 34 सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात वारा विमानाला 440 मीटर मागे सरकवतो. 1,350 मीटरचं वळण जमिनीवर 910 मीटरमध्ये बसतं. उलट बाजू धरली तर वारा वळणाला पुढे ढकलतो आणि लागतात 1,790 मीटर. दरी तीच, विमान तेच, वैमानिक तोच. फरक जवळपास नऊशे मीटरचा. डोंगरात उडायला शिकणाऱ्याने एकच आकडेमोड पाठ करायची असेल तर ही करावी.

दरी वर वर चढत जाणारी असेल तेव्हा सापळा पूर्ण होतो. मिनिटाला 800 फूट चढणारं विमान 100 नॉटने जात असेल तर दर 100 मीटर अंतराला ते साधारण 8 मीटर चढतं. 15 अंशांचा डोंगरउतार तेवढ्याच अंतरात 27 मीटर चढतो. जमीन विमानाला गाठणार हे ठरलेलंच. त्यात डोळा फसवतो. समोर क्षितिज दिसत नसतं, चढती जमीनच सपाट वाटू लागते, आणि हात नकळत नाक वर धरून ठेवतो. वेग हळूहळू गळतो आणि लक्षात येत नाही, म्हणून दरीत नजर सारखी वेगाच्या काट्यावर न्यावी लागते. अनोळखी दरीत खालून वर शिरू नये, आधी उंची घ्यावी आणि वरून खाली यावं, असं शिकवतात ते यासाठी. शिरावंच लागलं तर इंजिनाचा जोर पूर्ण काढला तरी तरंगत उतरता उतरता वळून बाहेर पडता येईल, तो बिंदू ओलांडायचा नाही.

वारा

डोंगराच्या धारेवरून येणारा वारा नदीतल्या खडकावरून जाणाऱ्या पाण्यासारखा वागतो: अलीकडून वर चढतो, पलीकडे खाली कोसळतो आणि पुढे घुसळत राहतो. पलीकडच्या बाजूला मिनिटाला 1,500 ते 2,000 फूट वेगाने खाली जाणारी हवा मिळू शकते. आपलं विमान 800 फूट चढतंय, हवा 1,500 फूट खाली जातेय, म्हणजे पूर्ण जोर लावूनही विमान मिनिटाला 700 फूट खाली येतंय. अशा वेळी नाक उचलून झगडण्याने फक्त वेग जातो. चढायचा नेमका वेग सांभाळायचा आणि जमीन ज्या बाजूला उतरते तिकडे वळून त्या झोताबाहेर पडायचं.

धार ओलांडण्याची पद्धतही यातूनच आली. धारेच्या किमान 1,000 फूट वर, आणि वारा 20 नॉटच्या पुढे असेल तर 2,000 फूट वर. धारेला काटकोनात न भिडता 45 अंशांत तिरकं जायचं, म्हणजे हवा खाली ओढू लागली तर पूर्ण उलटं फिरावं लागत नाही, थोडक्या वळणात सुटका होते. जवळ जाताना धारेच्या पलीकडचा मुलूख जास्त जास्त दिसू लागला तर आपण धारेच्या वर आहोत. तो कमी दिसू लागला तर आपण खाली चाललोय. त्याच क्षणी वळावं. धारेच्या पातळीवर वारा 25 नॉटच्या पुढे असेल तर लहान एक-इंजिनी विमानाने त्या दिवशी जमिनीवरच राहावं. डोंगराच्या पलीकडे आकाशात मसूराच्या डाळीच्या आकाराचे, जागचे न हलणारे ढग दिसले तर तो हवेतल्या प्रचंड लाटांचा पुरावा समजावा.

कालीगंडकीचा वारा तर स्वतःचं वेळापत्रक पाळतो. जोमसोमच्या उत्तरेचा वरचा मुस्तांग कोरडा आणि उघडा, ऊन चढलं की झपाट्याने तापतो. तिथली हवा वर उठते आणि दक्षिणेकडून थंड हवा त्या अरुंद घळीतून ओढली जाते. सकाळी दहा-अकरानंतर हा वारा जोर धरतो आणि दुपारी सेकंदाला 15 ते 20 मीटर, म्हणजे 30 ते 40 नॉटपर्यंत जातो. जोमसोमची विमानं म्हणूनच सकाळची.

या वेळापत्रकाचाही एक दबाव असतो. दुपारपर्यंतच खिडकी उघडी, त्यात सकाळी पोखऱ्याला धुकं किंवा खिंडीत ढग. विमान थांबतं, प्रवासी ताटकळतात, पुढच्या फेऱ्या रांगेत लागतात. मग ‘जरा जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ’ हे वाक्य सुचतं. परत यायला लागणारी 1,350 मीटर जागा त्या वाक्यात कुठेच धरलेली नसते.

ढग

नेपाळमध्ये उडणारे म्हणतात की इथल्या ढगात दगड असतात. पोखरा-जोमसोम वाटेवरच्या घोरेपाणीच्या खिंडीवर दक्षिणेकडची दमट हवा चढते आणि पाहता पाहता ढग धरतो. पाच मिनिटांपूर्वी मोकळी असलेली खिंड बुजते, आणि मागची वाटही बुजलेली असू शकते.

बघून उडण्याचे नियम यासाठी स्पष्ट आहेत: 10,000 फुटांच्या खाली किमान 5 किलोमीटर दिसलं पाहिजे, वर 8 किलोमीटर. ढगापासून आडवं अंतर 1,500 मीटर, उभं 1,000 फूट. हे 1,500 मीटर आणि वरचं 1,350 मीटरचं वळण शेजारी ठेवून बघा. वळताना विमान त्याच्या निम्मं, म्हणजे सुमारे 675 मीटर, पुढेही जातं, म्हणून ढगाच्या एवढं अलीकडे असतानाच वळलात तर वळण मोकळ्या हवेत पुरं होतं आणि थोडी जागा उरतेही. ढगाच्या कडेपर्यंत गेलेला वैमानिक वळला तरी वळणाचा मोठा भाग ढगात काढणार.

आणि ढगात शिरलं की कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय खोटं बोलू लागतं. हळूहळू कलणारं विमान सरळ वाटतं, सरळ केलेलं विमान उलट बाजूला कललेलं वाटतं. 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने यंत्रांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांना अशी दृष्टी झाकलेली परिस्थिती दिली. सगळ्यांनी विमानाचा ताबा गमावला, सरासरी 178 सेकंदांत. व्यावसायिक वैमानिक यंत्रांवर उडू शकतो, पण दरीत त्याला विमान सरळ ठेवून भागत नाही. डोंगर कुठे आहे हेही कळावं लागतं.

हे सांगणारं यंत्र असतं. जमीन जवळ आली की ते बोलून इशारा देतं. अडचण अशी की अरुंद दरीत नेहमीच्या, सुरक्षित उड्डाणातही जमीन जवळच असते, त्यामुळे ते वारंवार ओरडतं. रोज ओरडणाऱ्या यंत्राकडे दुर्लक्ष करायची किंवा ते बंद ठेवायची सवय लागते. मग ज्या दिवशी ते खरं बोलतं त्या दिवशी कोणी ऐकत नाही. यावर एकच शिस्त आहे: डोंगर डोळ्यांनी दिसत असतील तरच इशारा बाजूला ठेवायचा. दिसत नसतील तर कसलाही विचार न करता पूर्ण जोर लावून वर चढायचं.

तिकीट काढणाऱ्यांसाठी

प्रवाशाच्या हातात यातलं थोडंच असतं, पण ते थोडं महत्त्वाचं आहे. दिवसाची पहिली फेरी निवडा: वारा कमी, हवा थंड आणि घट्ट, ढग कमी. गर्दीच्या मोसमात लुक्लाची विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर गाडीने निघावं लागतं, हे आधीच धरून ठेवा. सामानाचं वजन घरी करा आणि खरं सांगा.

विमान रद्द झालं तर काउंटरवर आवाज चढवू नका, ‘समोरच्या कंपनीचं तर गेलं’ असं म्हणू नका. वैमानिकापर्यंत हा दबाव पोचतो आणि तो पोचता कामा नये. अर्ध्या वाटेवरून विमान परत फिरलं तर उतरताना वैमानिकाचे आभार माना. त्याने जागा शिल्लक असताना निर्णय घेतलेला असतो. आणि परतीचं काठमांडू–मुंबई तिकीट लुक्ला किंवा जोमसोमहून निघायच्या दिवशीचं काढू नका. मध्ये किमान दोन मोकळे दिवस ठेवा, पावसाळ्याच्या आगेमागे तीन.